चाळीस पावलांचा फरक

तबरेजच्या फोनवर बाण थरथरतो
आणि म्हणतो, पोहोचलात.
कुठे, ते सांगत नाही.
समोर करवंदीची जाळी, आणि तिच्यामागे
करवंदीची आणखी एक जाळी.

माघातले पावणेबारा. खारघरची टेकडी.
खाली सेक्टर चौतीस, पस्तीस, छत्तीस
दिव्यांच्या चौकटी आखून निजलेले.
त्यातल्या कित्येक माझ्याच हातच्या:
एकतीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर
मी दलदलीला भूखंड क्रमांक दिले,
खाडीच्या काठाला पट्टी लावून सरळ केलं.
पत्ता चुकतो म्हणजे काय होतं
हे निवृत्तीनंतर शिकायचं राहिलं होतं.

म्हणून ही हौस.
कुणीतरी रानात डबा लपवतो,
अक्षांश-रेखांश जगाला सांगतो,
आणि जग, म्हणजे तबरेज मुकादम, त्याची नाझनीन
आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली मी,
शनिवारी रात्री तो हुडकत फिरतं.
खजिना म्हणायचं त्याला.
आत बहुतेक वेळा बटण असतं.

सूचना एका ओळीची होती:
पांढऱ्या बाईच्या टाचेशी बघा.

नाझनीन म्हणाली, बाई कुठली, हे घरीच सांगायचं ना.
तिचं हसू जरा उशिरा आलं.
बॅटरी गवतावर फिरवली
तर गवतभर हिरवट ठिणग्या.
कोळ्यांचे डोळे. शेकडो.
लांब कुठे रातवा ठोकत होता
चक चक चक चक,
अंधाराचा पत्रा कुठेतरी सुटला असावा.

बॅटरी विझवायचं कुणी सुचवलं, आठवत नाही.
विझवली.
आधी काहीच नव्हतं.
मग त्या काहीच-नाहीमध्ये फरक पडू लागले:
हा काळा दगडाचा, हा पानांचा,
हा आपल्याच हाताचा,
आणि उतारावर, डावीकडे,
अंगावर एक पान नसलेला
कांडोळ,
नुकता चुना दिल्यासारखा.

टाचेशी हात घातला. माती. मुंग्या.
डब्याच्या तळाएवढा गोल खळगा.
म्हणजे होता.

तेव्हा वरून खोकला आला, माणसाचा.
मोबाईलचा उजेड, त्यामागे बारकीबाई, पाड्यावरची,
आणि तिच्या पदराला लोंबकळणारी
अर्धी झोपेतली नात.
"डबाच ना?" म्हणाली,
शेजारीण विरजण मागायला आल्यासारखी.
"तिथं वाळवी लागते. पावसात वर नेला,
मंग आनायचा रायला."
आणि चालू लागली.
मी मोजली, सवय आहे. चाळीस पावलं.

दगडांच्या बेचक्यात, पत्र्याच्या तुकड्याखाली
बिस्किटांचा डबा, कडी नव्या तारेची.
आत वही. नावं, तारखा,
पुण्याचे दोघं, कुणी एक जर्मनीचा,
आणि मध्येच, पेन्सिलीत,
एक मासा. एक कोंबडी.
सूर्य, त्याला पाय.
"हिचं हाय ते. समदे लिवतात, म्हनून."

किल्ली होती. गोटी होती.
लाल बांगडीचा तुकडा, एक बिब्बा,
कुणाचं तरी ओळखपत्र, फोटो पुसट झालेला.
नियम असा, एक घ्यावं, एक ठेवावं.
मी खिशातून माझी पट्टी काढली,
सहा इंची, कडा झिजलेली,
खाडीचा काठ जिने मोजला ती.
ठेवली.
घ्यायचं विसरले.

तबरेज नवे आकडे भरायला लागला.
मी म्हटलं, राहू दे रे,
चुकीचेच असू देत, माणसं भेटतात.
मला वाटलं, काहीतरी छान बोलले.
बारकीबाई म्हणाली,
"नीट लिव बाबा. दर शनवारी
माजी झोप मोडते."

त्याने नीट लिहिलं.
तोवर नातीने पट्टी वहीवर टेकवली,
जीभ बाहेर काढून, श्वास धरून
एक रेघ मारली.
सरळ. एकदम सरळ.
मग तिलाही पाय काढले.